शेप्या आंबा आणि भिंतीतली भट्टी

मी, नीळकंठ वामन पिंपळापुरे, वय एकाहत्तर, दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेला लिपिक, राहणार पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा लावला की नजरही ठीक आहे, आणि मला कोणी दटावलेले, फसवलेले किंवा काही पाजलेले नाही. मी चिडलेलो मात्र आहे. चिडलेल्या माणसाचे मृत्युपत्र तेवढ्यावरून बाद होत नाही, हे नोकरीत असताना मी कित्येकांना सांगितले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी रक्तदाब वाढल्याचे लिहिले आहे. त्याचे कारण खाली कलम पाचमध्ये येईल.

खाली लिहिलेली सर्व मालमत्ता माझ्या पगारातून, माझ्या नावावर घेतलेली आहे. वाडवडिलांचे त्यात काही नाही. त्यामुळे ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे मी ठरवणार.

कलम एक. रस्त्याकडचे राहते घर, चार खोल्या, ओसरी आणि विहीर, हे माझा मुलगा सलील याला द्यावे. सलील नागपूरला बांधकामाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि त्याला दिसेल ती भिंत पाडावीशी वाटते. घराचे त्याने काय करावे, हे मी सांगणार नाही. मी नसल्यावर माझा शब्द तो ऐकेल अशी आशा नाही, कारण मी असतानाही ऐकत नाही.

कलम दोन. बँकेतील ठेव सलीलची मुलगी, म्हणजे माझी नात शाल्मली, हिच्या शिक्षणासाठी ठेवावी. तिने काय शिकावे ते तिचे तिने ठरवावे. बापाने मध्ये पडू नये.

कलम तीन. माझी मुलगी सौ. प्राची, राहणार अमरावती, हिला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. तिच्या लग्नात जे द्यायचे ते दिले, असे आमच्यात म्हणण्याची पद्धत आहे आणि मीही तेच म्हणतो. शिवाय गेल्या उन्हाळ्यात तिने जे केले ते मी विसरलेलो नाही. तिने तिच्या घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये डब्यातला रस आणि बाटलीतला वास घालून आंब्याचा केक केला, प्लॅस्टिकच्या खोक्यातून इथपर्यंत आणला आणि चारचौघांत म्हणाली, "बाबा, एकदम तुमच्यासारखाच झाला आहे." मी एक घास खाल्ला आणि खोके बंद केले. त्यानंतर आम्ही फोनवर हवापाण्याचेच बोलतो.

कलम चार. माझे मेहुणे, म्हणजे माझी दिवंगत पत्नी मंजुषा हिचे थोरले बंधू, यांनाही काही नाही. आमच्या मागच्या बेकरीवाल्या अन्सारच्या भट्टीत भाजलेला म्हणून त्यांनी माझा केक कधी तोंडाला लावला नाही. त्याच भट्टीतले टोस्ट मात्र ते रोज सकाळी चहात बुडवून खात होते. याबद्दल मी बोललो नाही, कारण मंजुषाने मला शपथ घातली होती. ती गेली, शपथ सुटली, म्हणून लिहून ठेवतो.

कलम पाच. हे मुख्य कलम आहे. वाचणाऱ्याने घाई करू नये.

माझ्या घराच्या मागे जागेची एक पट्टी आहे. तिच्या पूर्वेस माझे घर, पश्चिमेस जैबुनबी अन्सार शेख यांची बेकरी, उत्तरेस बोळ, दक्षिणेस नाला. या पट्टीत एक गावरान आंब्याचे झाड आहे. पिकल्यावर त्याला शेपूसारखा वास येतो म्हणून आम्ही त्याला शेप्या म्हणतो. त्याच पट्टीत बेकरीच्या भट्टीचा अर्धा भाग आहे. भट्टीचे तोंड बेकरीत, पोट माझ्या जागेत.

हे असे का, तर अन्सारची जागा अरुंद होती आणि भट्टी गोल असल्याशिवाय पाव नीट फुलत नाही. त्याने एकदा विचारले, "नीळूभाऊ, थोडंसं तुमच्याकडं सरकू का?" मी म्हणालो, सरक. झाला व्यवहार. गावभरच्या खरेदीखतांवर शिक्के मारणाऱ्या माणसाने स्वतःच्या मागच्या भिंतीचा साधा करार केला नाही, यावर सलील आता हसतो. पण अन्सार आणि मी रोज संध्याकाळी एका बाकावर बसत होतो. करार करायचा म्हणजे एकमेकांकडे बघायचे कसे?

भट्टी झाली त्याच उन्हाळ्यात तिच्या तापलेल्या पाठीवर शेप्याचा एक आंबा पडून फुटला आणि तिथेच भाजला. अन्सारने तो खरवडून खाल्ला, मला दिला, आणि म्हणाला, "यात रवा घालून पाहू." आमच्याकडे बायका दिवाळीला आपापला मैदा-तूप घेऊन बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात, तसा मी त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात रवा आणि आंबे घेऊन मागच्या भिंतीशी उभा राहू लागलो. मंजुषा म्हणे, पुरुषाच्या जातीने हे काय मांडले आहे. मी ऐकले नाही. आयुष्यात दुसरे काही मी स्वतःहून केले असेल तर मला आठवत नाही.

अन्सार गेल्यावर बेकरी त्याची पत्नी जैबुनबी आणि त्यांचा मुलगा सैफ चालवतात. आता सलीलला ही पट्टी हवी आहे. समोरचे घर आणि मागची पट्टी मिळून गाळ्यांची इमारत उभी राहते, एकट्या घरावर राहत नाही. त्यासाठी झाड तोडावे लागेल आणि भट्टी पाडावी लागेल. अर्धी भट्टी पाडता येत नाही. पाडली की पूर्ण गेली, आणि भट्टी गेली की जैबुनबीच्या घराची चूल बंद. हे मी सलीलला समजावले. तो म्हणाला, "बाबा, ते अतिक्रमण आहे." ज्याच्या हातचे क्रीमरोल खाऊन हा वाढला, त्याच्या भट्टीला अतिक्रमण म्हणतो!

म्हणून ही पट्टी, त्यातील झाड आणि भट्टीचा भाग यांसह, मी जैबुनबी अन्सार शेख यांना कायमची देतो. ही भेट मी अन्सारची आठवण म्हणून देत नाही, दया म्हणून तर मुळीच नाही. त्यांच्या ताब्यात जे आहे ते त्यांच्या नावावर असावे, एवढेच.

कलम सहा. वरील पट्टी घेणाऱ्याने शेप्याच्या आंब्याचा केक करण्याची रीत सांभाळावी. ही अट नाही, विनंती आहे. रीत अशी. आंबा पाडाला लागलेला, म्हणजे झाडावरच पिकू लागलेला घ्यावा आणि जाळीच्या झेल्याने अलगद उतरवावा. गवतात घालून पिकवलेला चालणार नाही. उतरवला त्याच दिवशी हाताने पिळावा. मिक्सर लावू नये, त्याने रेषा रसात मिसळतात आणि केक दातात अडकतो. रस गाळून त्यात जाड रवा, साखर, घरचे दही आणि पातळ केलेले तूप घालावे आणि रवा फुगेपर्यंत झाकून ठेवावे. शेवटी चिमूटभर खायचा सोडा, वरून चारोळी. वास येण्यासाठी काहीही घालू नये. आंब्याला वास असतो. संध्याकाळचे पाव निघाले की भट्टी उतरणीला लागते, तेव्हा ट्रे आत सरकवावा आणि गप्पा मारत बसावे.

एवढी सोपी गोष्ट, आणि यंदा ती मला एकदाही साधली नाही! प्रत्येक ट्रे खालून कोळसा आणि वरून चिखल. मी आंब्याला बोल लावला, रव्याला लावला, दुकानदाराशी भांडलो, शेवटी जैबुनबीवर ओरडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, मायावर कायले चिडता? आंबा नाही बिघडला, जळतण बिघडलं. पऱ्हाटी कुठून आणू आता? साऱ्यायनं कापूस सोडून सोयाबीन पेरून ठेवलं. सैफ वणीहून कोळसा आणून राह्यला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षे भट्टी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, पऱ्हाटीवर, पेटत होती. पऱ्हाटी भडकन पेटते आणि लवकर निवते, म्हणून पावानंतरची ऊब केकला बेताची मिळत असे. कोळसा निवतच नाही. कापसाला भाव नाही हे मी रोज वर्तमानपत्रात वाचत होतो, चौकात त्यावर बोलतही होतो, पण ते माझ्या ट्रेपर्यंत आले आहे हे मला दिसले नाही. कोणावर चिडावे हेही आता कळत नाही. कोळशावर काही करता येते का ते सैफने पाहावे. माझ्याने झाले नाही.

कलम सात. मी आंब्याच्या दिवसांत गेलो तर तेराव्याला हाच केक वाढावा. इतर दिवसांत गेलो तर काही वाढू नये, लोकांनी घरून जेवून यावे. डब्यातला रस आणून केक केल्यास मी ते मान्य करणार नाही.

इथपर्यंत मी सकाळी लिहिले. पुढचे संध्याकाळी लिहितो आहे.

कलम आठ. साक्षीदारांबाबत. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने त्यावर साक्ष घालू नये, हे मी आयुष्यभर खिडकीतून ओरडून सांगत आलो. माझे मित्र वकील अवधूत बर्डे एक साक्षीदार आहेत. दुसऱ्या साक्षीबाबत ते म्हणाले, "नीळकंठ, घरचं कोणी तरी घे. नाहीतर उद्या सलील कोर्टात म्हणेल, म्हाताऱ्याला शेजाऱ्यांनी बसवून लिहून घेतलं. मग जैबुनबी तारखांना जाऊन जाऊन थकतील, आणि भट्टी तोवर बंद."

म्हणून आज मी सलील आणि प्राची दोघांनाही बोलावून घेतले होते. माझा बेत असा होता की सलीलने हे वाचावे, राग आला तर तो इथेच काढावा, आणि शेवटी 'मला मान्य आहे' एवढे लिहून द्यावे. सैफने कुठल्याशा शेतातून गाडीभर जुनी पऱ्हाटी आणली होती. केक बरा झाला. बरा म्हणजे एक कड करपली.

सलीलने दोन वड्या खाल्ल्या, तिसरी उचलली, आणि कलम पाच वाचून ती परत ताटलीत ठेवली. म्हणाला, "बाबा, केक छान आहे. पण मी हे मान्य करणार नाही. तुमच्यानंतर मी कोर्टात जाईन, आत्ताच सांगून ठेवतो." मी म्हणालो, जा. आवाज चढले. जैबुनबी भिंतीपलीकडे सगळे ऐकत होत्या. तिथून त्या म्हणाल्या, "राहू द्या न भाऊ, मले नको ते जागा. लेकराशी कायले भांडता?" त्यावर मी त्यांच्यावरही ओरडलो.

प्राचीने कागद उचलले आणि पहिल्यापासून सगळे वाचले, कलम तीनसुद्धा. ते वाचताना मी तिच्याकडे बघितले नाही. मग तिने विचारले, "बाबा, मला तुम्ही काहीच दिलेलं नाही ना?"

मी म्हणालो, नाही.

"मग माझी सही चालते."

सलील म्हणाला, "प्राची, उद्या कोर्टात माझ्याविरुद्ध उभी राहशील तू?"

ती म्हणाली, "बाबांनी शुद्धीत लिहिलं का असं विचारलं, तर हो म्हणून सांगीन. तू पण बघूनच राहिला ना, किती शुद्धीत आहेत ते." सलील गाडी काढून निघून गेला. प्राचीने माझ्याकडे पेन मागितले.

तिच्या हाती पेन देण्याआधी मी हे कलम पुरे करतो आहे. कलम तीन खोडावे आणि तिच्या नावाने काही लिहावे असे मला फार वाटते. मंजुषाच्या पाटल्या कपाटात आहेत, त्यांचा उल्लेख मी वर कुठेच केलेला नाही. पण तिला एक वाटी जरी दिली, तरी तिच्या साक्षीवर बोट ठेवले जाईल आणि भट्टी पडेल. हे तिला माहीत आहे. मी तिला म्हणालो, थांब, दुसरा कोणी तरी शोधू. ती म्हणाली, "दुसरं कोण आहे?" दुसरे कोणी नाही; अन्सारच्या भट्टीसाठी मेहुणे सही करणार नाहीत. म्हणून कलम तीन जसे आहे तसेच राहील, आणि मला त्याची लाज वाटते.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि पुढील दोघांसमोर त्यावर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: पांढरकवडा
दिनांक: ४ जून २००६, रविवार

सही: नीळकंठ वामन पिंपळापुरे

साक्षीदार:
१. अवधूत केशव बर्डे, वकील, पांढरकवडा
२. सौ. प्राची श्रीरंग तारे, अमरावती. लिहून देणाराशी नाते: मुलगी. या मृत्युपत्राने मिळणारा लाभ: काही नाही.