भट्टीमागचा पेला

असुन्सिओन, ४ मार्च १९९७

ती. वन्संना मिर्ताचा सा. न. वि. वि.

काल दुपारी पोचलो. सुखरूप म्हणायचं एवढंच, कारण निदिया बसमध्ये दोनदा भोवळ येऊन माझ्या खांद्यावर कलंडली. पण खाट मिळाली हो वन्सं. या न जेवण्याच्या दुखण्यासाठी इथे सहाच खाटा आहेत, आणि आपल्या दवाखान्याचा कागद तीन महिने कुठल्याशा टेबलावर पडून होता. तोवर ती किती खंगली ते तुम्ही पाहिलंच आहे.

बायकांच्या वॉर्डात सगळ्यांना तुमचा चिपा आवडला; चीज घातलेल्या पावाच्या अशा खमंग कड्या शहरात होत नाहीत म्हणाल्या. टोपलीवरचं फडकं काढलं तर बडीशेपेच्या वासाने नर्ससुद्धा आल्या. निदियाने मात्र भिंतीकडे तोंड केलं. लहान असताना हीच पोर गरम कडी भट्टीतून ओढायला जाऊन बोटं भाजून घ्यायची, आठवतं ना?

डॉक्टर ओवेलार म्हणून बाई आहेत. शांत आहेत, ओरडत नाहीत. हा हट्ट नाही, आजार आहे, आणि बरा होतो, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, की सुरुवात कशी झाली. शाळेचा परकर कमरेला घट्ट होतोय असं मी एकदा तिला म्हटलं होतं, तेच सांगितलं आणि रडले. आता तेवढंच डोक्यात घोळतंय. तुम्ही भावासाठी वर्षभराकरता पानांचं गार तेरेरे सोडलात, उन्हाळ्यात भट्टीपुढे उभं राहून घशाला एक थंड घोट नाही. आणि मी सख्खी आई, मला जिभेला लगाम घालता आला नाही.

तुम्हाला काही आठवत असेल तर कळवा. पत्र लिबोरियोच्या बसने दिलंत तर दुसऱ्या दिवशी मिळतं. ह्यांच्या जेवणाकडे बघा.

तुमचीच,
मिर्ता

यूती, ९ मार्च १९९७

चि. सौ. मिर्ता हिस एउलोखियाचे अ. उ. आ.

तुझा नवरा मजेत आहे. माझ्याकडे जेवतो, आणि जेवून झाल्यावर तुझ्या हातच्या सूपची आठवण काढतो, म्हणजे माझा अपमान करतो. लाकडाच्या गिरणीवर पुन्हा अर्धा दिवस जायला लागलाय. थोडा खोकतो, पण तो तर जन्मल्यापासून खोकतोय.

परकराचं काय घेऊन बसलीस? परकर घट्ट झाला असं म्हटल्याने कोणी आजारी पडत असतं तर या गावात एक बाई उभी राहिली नसती. मला विचारशील तर दोष त्या मासिकांचा, ती शहरातून येतात त्यांचा. डॉक्टरीणबाईंना म्हणावं, जास्त खोदत बसू नका, पोरीला खाऊ घाला. मी असते तर समोर बसून चमचा तोंडात घातला असता.

मला काही विशेष आठवत नाही. निदिया पहिल्यापासूनच शब्दाची पक्की आहे, एवढंच. आणि माझ्या तेरेरेचं सारखं काय काढतेस? त्यात काही मोठेपणा नाही. यापुढे लिहू नकोस.

ईस्टरचा पवित्र सप्ताह जवळ आला. बुधवारसाठी आत्ताच चाळीस घरांनी चिपा सांगून ठेवलाय, साबुदाण्याच्या पिठासारखं हे कंदाचं पीठ मळून हात दुखतात. सोबत कुमारी मातेचं पदक पाठवते, तिच्या उशीखाली ठेव.

मायेत कमी पडू नकोस, आम्हीही पडत नाही.
तुझी नणंद, एउलोखिया

असुन्सिओन, १८ मार्च १९९७

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पदक मिळालं. ते बघून निदिया इतकी थरथरली की मला काढून घ्यावं लागलं. का ते कळलं नाही.

तिने थोडं दूध घ्यायला सुरुवात केली होती. सहा दिवस घेतलं. मग मी मूर्खासारखी तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं, पप्पा मजेत आहेत, थोडे खोकतात. त्या संध्याकाळपासून दूध बंद. काल नळी घालायची वेळ आली. नळी घालताना ती नर्सला पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, की हे मी खाल्लेलं धरू नका, मी खाल्लेलं नाही, पप्पांना काही होऊ देऊ नका.

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन विचारलं की तिच्या जेवणाचा आणि बापाच्या जिवाचा काय संबंध. तिचं हृदय दमलंय, असं त्या म्हणाल्या. आणखी काही आठवडे असंच चाललं तर काय होईल ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मी समजले.

वर खाट अडीच महिन्यांचीच. बाहेरच्या बाकावर कोन्सेप्सिओनची एक बाई मुलीला मांडीवर घेऊन चार दिवस बसली आहे, खाट रिकामी व्हायची वाट बघत. तिच्याकडे बघितलं की मला माझ्या पोरीच्या खाटेचीही लाज वाटते. आपल्या यूतीच्या दवाखान्यात हे दुखणं जाणणारं कोणी असतं तर पुढचे उपचार घरी राहून झाले असते. पण तिथली सेल्सा नर्स ताप आणि साप यांच्या पलीकडे काय करणार?

वन्सं, तुमच्या पाया पडते. गेल्या जुलैत हे अंथरुणावर होते तेव्हा मी फक्त ह्यांच्याकडे बघत होते. पोर तुमच्याजवळ होती. तेव्हा काही झालं का?

तुमची,
मिर्ता

यूती, २० मार्च १९९७

चि. सौ. मिर्ता हिस,

आशीर्वाद द्यायचा मला हक्क आहे की नाही ते हे पत्र वाचून तू ठरव.

झालं. मीच केलं.

फेर्मिनच्या फुफ्फुसात पाणी झालं, पाद्रीबाबा शेवटचं तेल लावून गेले, त्या दुपारी निदिया भट्टीजवळ येऊन रडत होती. मी तिला म्हटलं, रडून काय होतंय, नवस बोल. माता स्वस्तातल्या नवसाला पावत नाही, तुला जीव की प्राण असेल ते सोड. तिने हातातली चिपाची कडी खाली ठेवली. मी तिला पदक हातात धरायला लावलं आणि शब्द मी सांगितले, ते तिने म्हटले. मोडलास तर बाप जाईल, हेही मीच म्हटलं. पंधरा वर्षांच्या पोरीला. नवस पक्का व्हावा म्हणून म्हटलं, मिर्ता, दुसरं काही मनात नव्हतं.

पंधराव्या दिवशी फेर्मिन उठून बसला. मी गावभर सांगत सुटले, की माझ्या भाचीने बाप ओढून आणला. तिने चिपा सोडला, मग ब्रेड सोडला, मग मांस. मला दिसत होतं. मी तिला संत म्हणायचे. गिऱ्हाइकांसमोर तिला उभी करून कौतुक करायचे. ती हसायची आणि आणखी एक पदार्थ सोडायची.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. तू परकराचा दोष स्वतःला लावून घेतलास आणि मी तो तुझ्याकडेच राहू दिला. मासिकांचं लिहिलं. कुठल्या तोंडाने लिहिलं माझं मला ठाऊक.

काल पाद्रीबाबांकडे गेले. ते एरवी मऊ आहेत, पण मला बसा म्हणाले नाहीत. भीती घालून पोरीकडून घेतलेला नवस नवसच नाही असं म्हणाले, आणि तिला मोकळं केल्याचा कागद सही-शिक्क्यानिशी लिहून दिला. तो मी लिबोरियोच्या हाती पाठवणार होते, पण गाठ मी बांधली आहे. तू ये म्हणालीस तर मी येऊन सोडवीन. नको म्हणालीस तर कागद पाठवते आणि पुन्हा तोंड दाखवत नाही.

एउलोखिया

असुन्सिओन, २२ मार्च १९९७

ती. वन्संना,

आज नमस्कार लिहायला हात उचलत नाही.

तीनदा वाचलं. आठ महिने मी स्वतःला खात होते आणि तुम्ही माझ्या समोर बसून पीठ मळत होतात. तुम्ही नका येऊ असं लिहून मी पत्र बंदही केलं होतं. मग डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, बोलवा.

पण त्यांनी हेही सांगितलं, की नवस सुटला म्हणून दुसऱ्या दिवशी ती ताट मागेल अशी आशा धरू नका. सुरुवात तिथून झाली असेल, आता आजार स्वतःच्या पायांवर उभा आहे. त्याला वेळ लागेल, औषध लागेल, माणसं लागतील. नुसता दोष वाटून घेऊन तो जात नाही.

चिपा आणायचा नाही. खा म्हणायचं नाही. बारीक झालीस, छान दिसतेस, बिचारी, यातलं काही म्हणायचं नाही. तिच्यासमोर रडायचं नाही. ह्यांना बरोबर आणा, पोरीला बाप डोळ्यांनी बघू दे. आत मात्र तुम्ही एकट्या जायचं, आम्ही व्हरांड्यात थांबू.

बुधवारी या. तो तुमचा चिपाचा दिवस आहे हे मला माहीत आहे.

मिर्ता

यूती, १ एप्रिल १९९७

चि. सौ. मिर्ता हिस, आशीर्वाद पाठवते, ठेवून घेतलास तर बरं वाटेल.

आत काय बोललात असं तू व्हरांड्यात विचारलंस आणि मी बस चुकेल म्हणून पळाले. बसला दोन तास होते. तुझ्या तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून लिहिते.

मी कागद वाचून दाखवला. निदियाने नीट ऐकून घेतला, घडी घालून मला परत दिला, आणि म्हणाली की पाद्रीबाबांनी सोडलं, पण मातेने सोडलं का ते कोणाला माहीत? पप्पा दारात उभे आहेत ते मी पाळतेय म्हणून. एकदा मोडून बघायचं आणि त्यांना काही झालं तर? तिच्याशी वाद काय घालणार? हे सगळं मीच तिला शिकवलं होतं.

मग मी तिला ते सांगितलं जे देवाखेरीज कोणालाच ठाऊक नाही. त्याच दुपारी, तिच्या शेजारी उभी राहून, तेच पदक धरून मीही नवस बोलले होते, तेवढं गावाला माहीत आहे. वर्षभर तेरेरे नाही. मोडला तर फेर्मिन जाईल, तेच शब्द. आणि तिसऱ्या दिवशी मी तो मोडला. जुलै असूनही त्या दिवशी उत्तरेचा गरम वारा सुटला होता, भट्टी पेटलेली, डोकं दुखून फुटायला आलं. तेरेरेचा शिंगाचा पेला भट्टीमागे लपवला आणि थंड पाणी ओतून ओतून पोटभर प्यायले. त्यानंतर एक दिवस चुकला नाही. गाव माझ्या त्यागाचं कौतुक करत होतं, तू पत्रात करत होतीस, आणि पेला भट्टीमागे होता.

तुझा बाप तिसऱ्या दिवशीच मरायला हवा होता, असं मी तिला म्हटलं. मी मोडला होता ना. पण बारा दिवसांनी तो उठून बसला. बाहेर बसलाय बघ, केळं खातोय.

मला वाटलं ती हसेल किंवा मिठी मारेल. तिने काय केलं सांगू? उशी फेकून मारली. माझ्या तोंडावर. अंगात काडीची ताकद नाही, पण नेम बरोबर. मग पाण्याचा ग्लास मारला. मग म्हणाली, की आत्या, मी तुला विचारलं होतं. सप्टेंबरमध्ये, भट्टीशी, मी विचारलं होतं की कठीण जातंय, तुला जातं का? आणि तू म्हणालीस, मला नाही जात.

म्हणाले होते, मिर्ता. पेला तेव्हा माझ्या पाठीशी हातभर अंतरावर होता.

ती उशी मी विसरणार नाही, विसरूही नये. तू व्हरांड्यात माझ्यावर ओरडली नाहीस, ते मला त्याहून जास्त लागलं.

बुधवारी भट्टी बंद होती म्हणून गावात चर्चा चालली आहे. चाळीस घरं रागावली आहेत. गावात परतल्यावर सेल्सा नर्सला घेऊन दवाखान्याच्या प्रमुखांपुढे जाऊन बसले. ते म्हणाले वरून हुकूम नाही. मी म्हटलं हुकूम येईपर्यंत मी इथेच आहे, चटई आणली आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओवेलारबाईंना फोन लावला. सेल्सा मे महिन्यात पंधरवड्यासाठी तिकडे शिकायला येते आहे. शेजारच्या दोन आयांनी मला भट्टीवर गाठून हळूच विचारलं, की आमच्या मुलीला पण दाखवता येईल का. आपल्या एवढ्याशा गावात, मिर्ता, आणखी दोघी.

रागवायचं तेवढं रागव, पण तोडू नकोस.
एउलोखिया

असुन्सिओन, ११ मे १९९७

ती. आत्याला निदियाचा हात जोडून नमस्कार. आशीर्वाद दे.

मम्मी म्हणाली मनात येईल ते लिही, म्हणून लिहिते.

मी तुझ्यावर खूप रागावले होते. अजून आहे, पण रोज नाही. नळी एप्रिलमध्येच निघाली. आता दिवसात सहा वेळा खायचं असतं, त्यातल्या चार वेळा जमतं. दोन वेळा मी आणि मम्मी ताटाकडे बघत बसतो आणि ती गिरणीतल्या लोकांच्या नकला करते. पप्पा खोकले असं कळलं की अजूनही माझा घास थांबतो. मग मी मनात म्हणते, तिसरा दिवस. आत्याने तिसऱ्या दिवशी मोडला. कधी कधी उपयोग होतो.

सेल्साताई शिकून घेतेय, सगळं वहीत उतरवून घेते. डॉक्टर म्हणाल्या ती तिथे असेल तर मी घरी जाऊ शकते, आठवड्याला वजन ती बघेल आणि महिन्याला मी इकडे येईन. माझी खाट मार्चपासून वाट बघणाऱ्या कोन्सेप्सिओनच्या मुलीला मिळणार. तिचं नाव सुनिल्दा. मी तिला खिडकीजवळची बाजू कशी चांगली ते सांगून ठेवलंय.

आम्ही वीस तारखेला येतो. माझ्यासाठी चिपा करू नकोस. गिऱ्हाइकांसाठी कर, मी तुझ्याजवळ स्टुलावर बसेन. वास आला तर चालेल.

एक मागायचं आहे. तो पेला भट्टीमागून काढ. समोर ठेव, टोपलीशेजारी, जिथे सगळे चिपा घ्यायला थांबतात. आणि मी बसलेली असताना सगळ्यांच्या देखत पी. कोणी विचारलं तर केव्हापासून पितेस ते खरं सांग.

मग मी एक कडी मागेन. कधी ते विचारू नकोस, पण मागेन.

तुझी,
निदिया