सखूअक्काच्या टाळ्या

धुळे, रविवार, नोव्हेंबर १९८८

आज चर्चच्या उपासनेत पुन्हा सखूअक्काच! पारोळ्याकडची ही म्हातारी वर्षभरापूर्वी मंडळीत आली. ना सूर, ना ताल, पण डोळे मिटून टाळ्या वाजवत अशी गाते की सगळे तिच्याकडे बघून खुलतात. लग्नाआधीपासून पेटी मी वाजवते. माझ्याकडे कोण बघतं? त्या टाळ्या ऐकल्या की जळफळाट होतो नुसता.

शेवटी बाहेर तिला गाठलंच. म्हटलं, "अक्का, जरा हळू गात जा. पेटी ऐकू येत नाही."

ती हसली. "बाई, तुनी पेटी वाजनी का माले राहवतच नही. देव जवळ उना आसं वाटस."

देव माझ्या पेटीतून तिच्याजवळ जातो? मग वाटेत मी बसलेली असते, ती त्याला दिसत नाही का?