एका हाताने उचलायचं कार्ड

ता. ११ फेब्रुवारी

ती. मामास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

परवा तुला फोन केला, तर तू मला दोनदा गॅसवाला समजलास आणि तिसऱ्यांदा सिलेंडर नको म्हणून ठेवून दिलास. मामी म्हणाली की चाळीस वर्षं छापखान्याच्या खडखडाटात राहून तुझे कान आता फोनला दाद देत नाहीत. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

बातमी अशी की कारखाना बंद झाला. अकरा वर्षं मी तिथे फक्त शर्टांच्या कॉलरी शिवल्या. आता मी घरच्या पुढच्या खोलीत मशीन मांडलंय आणि माझं स्वतःचं काम सुरू केलंय. आठवतं ना, बाबांचा उजवा हात गेल्यावर मी त्यांच्या शर्टांची बटणं काढून आत चिकटपट्टी लावून दिली होती? वरून बटणं दिसायची, पण नुसती शोभेची. पट्टीवर पट्टी दाबली की शर्ट बंद. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्या शर्टांबद्दल अजून कुणी ना कुणी विचारतं. तेच शर्ट आता मी इतरांसाठी शिवणार आहे. त्यासाठी वेबसाइटसुद्धा तयार केली. महिनाभर डोकं खाल्लं तिने, पण झाली. खुर्चीच्या पाठीला शर्ट अडकवून मीच फोटो काढले.

आता अडलंय ते एवढ्यावरच की वेबसाइट आहे हे मला आणि आईला सोडून कुणाला माहीत नाही. म्हणून कार्डं छापून घेतली, तीनशे. एक सोबत पाठवलंय. तुला न विचारता छापली म्हणून रागावू नकोस, तू छापखाना आवरायला घेतला आहेस असं कळलं होतं. गडद निळा रंग, चकचकीत कागद, चंदेरी अक्षरं. छान आहे ना?

पण खरं सांगू का, ती द्यायचा मला धीरच होत नाही. इस्पितळाच्या दारापर्यंत जाते, पर्समध्ये हात घालते आणि रुमाल काढून परत येते. आई मात्र वाटत सुटलीय. तिने दूधवाल्याला दिलं, कुलपं दुरुस्त करणाऱ्याला दिलं, म्हणजे ज्यांचे हात माझ्याहून धडधाकट त्यांनाच बरोबर गाठलं.

दुसऱ्या गावातल्या एका गणवेशाच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. मे अखेरपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. गेले तर आई इथे एकटी पडेल. तोवर माझं काम उभं राहिलं तर ठीक.

मामीला नमस्कार. माझ्यावर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी

ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कार्डही मिळालं. मी ते खिडकीशी नेलं, मग दिव्याखाली नेलं, मग मामीच्या हाती दिलं. तिने ते आरशासारखं धरून केस नीट केले आणि परत दिलं. यावरून काय ते समज. अक्षरं इतकी बारीक की मुंग्यांनीसुद्धा चष्मा मागावा. पण झालं ते झालं. छापलंस ना, आता वापर.

कार्ड वाटायची लाज वाटते म्हणतेस. माझ्या दुकानात लोक चाळीस वर्षं कार्डं छापायला यायचे आणि त्यातल्या निम्म्यांची गठ्ठेच्या गठ्ठे कपाटात पडून राहायचे. का, तर कार्ड देणं म्हणजे मागणं असं त्यांना वाटायचं. तसं नसतं गं. तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी समोरच्याच्या कामाची आहे, एवढंच त्याला सांगायचं. एक वाक्य बोलायचं, कार्ड हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. हे शेवटचं तुला जड जाईल, मला कल्पना आहे.

इस्पितळाच्या दारातून परत फिरू नकोस. आत जा. जी बाई रुग्णांकडून व्यायाम करून घेते तिला आधी शर्ट दाखव.

इकडे छापखान्याची आवराआवर चालू आहे. पायाने चालवायचं जुनं यंत्र न्यायला भंगारवाला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येणार आहे. त्याबद्दल फार लिहीत नाही. तुझ्या आईला म्हणावं, कुलूपवाल्याला सोड.

इथल्या सगळ्यांची तुझ्यावर जी माया आहे ती आहेच.

तुझा,
मामा

ता. १४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि आत गेले. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना शर्ट फार आवडला. त्यांनी तीनदा उघडून बंद केला आणि बाहेरच्या काचेच्या टेबलावर कार्डं ठेवायला परवानगी दिली. मी शेजारच्या बाकावर जाऊन बसले, माझा काही संबंध नसल्यासारखं तोंड करून.

थोड्या वेळाने एक गृहस्थ व्यायाम संपवून बाहेर आले. तीस वर्षं बस चालवलेले, मोठा बांधा, उजवा हात पोटाशी गळालेला. सोबत बायको होती. बाईंनी त्यांना सांगितलं असावं, कारण ते सरळ टेबलाशी आले आणि डाव्या हाताने कार्ड उचलायला गेले. कार्ड सरकलं. पुन्हा बोट टेकवलं, पुन्हा सरकलं. मामा, तो चकचकीत कागद काचेवर असा पळत होता की काय सांगू. ते त्याला ढकलत ढकलत टेबलाच्या कडेपर्यंत घेऊन गेले आणि तिथे ते खाली पडलं. बायको उचलायला वाकली तर त्यांनी तिला थांबवलं. म्हणाले, राहू दे, आता नको.

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. मी उठून सांगितलं की कार्ड माझं आहे. ते माझ्याकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, ताई, एका हाताच्या माणसासाठी शर्ट शिवता आणि कार्ड दोन हातांचं करता होय?

रागावले असते तर बरं झालं असतं. मामा, बाबा टेबलावरचं नाणं कसं कडेपर्यंत ओढत न्यायचे आणि मग त्याच हाताचा तळवा खाली धरायचे, हे मी चार वर्षं रोज पाहिलं. तीच मी हे विसरले. छान दिसावं म्हणून विसरले.

मी सगळी कार्डं गोळा करून पिशवीत टाकली. पण मग निघून नाही आले. त्यांनाच विचारलं की कसं हवं होतं. ते बाकावर बसले आणि अर्धा तास मला शिकवत राहिले, एखाद्या नवशिक्या ड्रायव्हरला शिकवावं तसं. कागद जाड आणि खरबरीत हवा. बोट खाली शिरेल अशी एखादी जागा हवी. अक्षरं मोठी हवीत, कारण आजारपणानंतर त्यांची नजरही उजवीकडे अडखळते. आणि खिसा, मामा! शर्टाचा खिसा मी सवयीने डावीकडे लावला होता. डाव्या हाताने डाव्या खिशात घालून बघ एकदा. त्यांच्या मापाचा शर्ट आता उजव्या खिशाचा शिवतेय.

असं कार्ड कोण छापून देईल? इथल्या दोन दुकानांत विचारलं. एकाने सांगितलं की एवढ्या जाड पुठ्ठ्याने मशीन बिघडेल, दुसऱ्याने चकचकीत का नको यावर माझीच शाळा घेतली. तुझ्या ओळखीतलं कुणी असेल तर कळव.

तुझी,
भिंगरी

ता. ९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ओळखीतलं कुणी विचारतेस? गाढवे, मी मेलोय का?

भंगारवाल्याला दोन आठवडे थांबवलं. यंत्राला तेल पाजलं, शाईचे रूळ धुतले. पाय आता पहिल्यासारखा चालत नाही, म्हणून दहा कार्डं मी आणि दहा तुझी मामी असं करत दोनशे काढली. साठाव्या वर्षी तिने पहिल्यांदा यंत्रावर पाय ठेवला आणि पहिल्याच तासात मला चुका दाखवायला लागली. पुठ्ठा खात्याच्या वहीला घालायचा म्हणून पडून होता, तो घेतला. खरबरीत आहे, बोटाला धरतो. अक्षरांचे सगळ्यात मोठे खिळे काढले, बातमीच्या मथळ्याला वापरायचो ते. मजकूर मी कमी केला आहे, विचारलं नाही. ‘एका हाताने घालता येणारे शर्ट.’ खाली तुझा फोन आणि वेबसाइट. तुझ्या वेबसाइटच्या नावात इंग्रजी ए तीनदा येतो आणि माझ्याकडे चांगले दोनच निघाले. तिसरा दुसऱ्या संचातला आहे, किंचित उंच. बघणाऱ्याने बघितलं तर दिसेल.

एक कोपरा मामीने चमच्याच्या पाठीने दाबून वर उचलून दिला आहे. दोनशेच्या दोनशे. टेबलावर ठेवलं की तो कोपरा उभा राहतो. मी उजवा हात पाठीमागे धरून सगळी एकेक करून उचलून बघितली. जी उचलता आली नाहीत ती बाद केली, म्हणून एकशे ब्याऐंशी भरतील.

काल यंत्र गेलं. चार माणसं लागली. मला वाटलं होतं मी घरात जाऊन बसेन, पण दारात उभा राहिलो. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण भिंगरे, तुझं पत्र आलं नसतं तर त्या यंत्रावरचं माझं शेवटचं काम एका वखारीची पावतीपुस्तकं ठरलं असतं. तू मला हे काम दिलंस. तुझे आणि त्या बसवाल्यांचे फार उपकार आहेत.

चुकलं असेल तिथे कळव. परत छापता येणार नाही, पण ऐकून घेईन.

तुझा,
मामा

ता. २३ मे

ती. मामास आणि सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

गणवेशाच्या कारखान्याला आज नकार कळवला. आई सकाळपासून शेजारच्यांना हेच सांगत फिरतेय.

कार्डं पोचली त्या दिवशी आई आणि मी ती हातात घेऊन बसलो होतो. आईने शाईचा वास घेतला आणि तुझं नाव काढून म्हणाली, भाऊच्या सदऱ्याला यायचा तोच वास.

आता ऐक. तीन इस्पितळांतून पंचवीस जणांनी वेबसाइट बघून कळवलंय, त्यातले अकरा शर्ट शिवून दिले. एका आजोबांनी फोन करून आधी विचारलं की कार्ड कुणी केलं, शर्टाचं नंतर. वेबसाइटवरची अक्षरंही मी तुझ्या कार्डासारखी मोठी केली आणि अर्धा मजकूर काढून टाकला. ते तुझ्याकडून शिकले, आणि त्या ड्रायव्हरकाकांकडून.

त्यांचा शर्ट मागच्या आठवड्यात दिला. दुसऱ्या दिवशी तो घालून दहाला येतो म्हणाले आणि अकराला आले. काकू म्हणाल्या की काकांनी त्यांना खोलीबाहेर बसवून दार लावून घेतलं, पाऊण तास लागला, मदतीला हाक मारली नाही. कॉलर एका बाजूने आत गेली होती. काकूंनी ती काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मीही बघितलं न बघितल्यासारखं केलं.

त्यांनी तुझा पत्ता मागितला. त्यांचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही.

मामा, मामी, तुमचे आभार मानायला बसले तर मला रडू येईल आणि कापडावर डाग पडेल. तेव्हा समजून घ्या.

तुमची,
भिंगरी

ता. २१ मे

छापखानेवाले मामा यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी बस चालवायचो. डाव्या हाताने लिहितो आहे. तीन दिवसांत लिहून होईल असं वाटतं. ओळी खाली उतरतात, सांभाळून घ्या.

तुमचं कार्ड मी टेबलावरून उचललं. पहिल्याच वेळी. वर्षभरात पहिल्याच वेळी जमलेली ती एकच गोष्ट. घरी आणून पुन्हा ठेवलं आणि पुन्हा उचललं. बायको म्हणाली, खेळ झाला का तुमचा.

भाचीने मला वीस कार्डं वाटायला दिली आहेत. शर्टाच्या उजव्या खिशात ठेवतो. वर्षभर मी फक्त घेत होतो. गोळ्या, घास, हात. परवा व्यायामाच्या ठिकाणी एक बाई नवीन आल्या. मान खाली, हात मांडीवर. मी कार्ड काढून पुढे केलं. त्यांनी घेतलं, वाचलं आणि विचारलं, खरंच एकट्याला घालता येतो का? मी म्हटलं, दाखवतो.

आणि तिथेच, सगळ्यांसमोर, शर्ट पूर्ण उघडला आणि पूर्ण बंद केला. सहा मिनिटं लागली. आत बनियन फाटका होता हे माझ्या लक्षात नव्हतं. बायकोने पदराने तोंड झाकलं. मला वाटलं रडते आहे. जवळ गेलो तर हसत होती. इतकी की तिला बाकावर बसावं लागलं. मग त्या नवीन बाईही हसल्या.

बायकोचं ते हसणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. ते तुम्हाला कळवावं म्हणून हे पत्र.

आपला,
बसवाला