प्रजीशसाठी परोटा

रविवार, ४ जानेवारी
ऋतुजाने पुन्हा विषय काढला. तिच्या खराडीच्या ऑफिसातला प्रजीश, केरळचा. लग्न त्याच्याशीच करणार म्हणते. मी शांतपणे सांगितलं, माझा विरोध नाही, फक्त मला त्याचं तोंड बघायचं नाही. गेले दोन महिने माझी हीच समतोल भूमिका आहे. बायको म्हणाली, पुढच्या रविवारी त्याला जेवायला बोलवलंय. ठीक. अट एकच: त्यांच्याकडचा तो पदर सुटणारा मैद्याचा परोटा मी स्वतः करणार. सोबत चिकनचा रस्सा. पहिल्याच घासात कळू दे, गाठ कोणाशी आहे. एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात फोरमन होतो. मैदा काय चीज आहे!

सोमवार, ५ जानेवारी, सकाळी ६.१०
अकरा व्हिडिओ पाहिले. सोपं आहे. तेलात मुरलेला गोळा हवेत फिरवून ओट्यावर आपटायचा, कागदासारखा पातळ झाला की चुण्या घालून गुंडाळायचा, थापायचा, भाजायचा. संकल्प: रोज एक तास सराव.

मंगळवार
सराव नाही. मैदा नव्हता. म्हणजे होता, पण चाळलेला नव्हता.

बुधवार, संध्याकाळी ७
पहिला गोळा मिक्सरच्या मागे गेला. पंख्याचा वारा. दुसरा फाटला. तिसरा भाजला, पदर एकच. बायकोने तुकडा तोंडात घातला आणि बऱ्याच वेळाने विचारलं, अहो, हा गिळायचा असतो का? दोष मैद्याचा. ब्रँड बदलणे.

गुरुवार
ऋतुजा आपणहून माझ्या मदतीला स्वयंपाकघरात आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, बाबा, प्रजीशच्या आईला फोन करून विचारू का? मी म्हणालो, गरज नाही. ती ओट्यावर सांडलेला मैदा पुसून गेली. हो म्हणायला हरकत नव्हती. पण तत्त्वाचा प्रश्न होता. कुठलं तत्त्व, ते आता लिहिताना आठवत नाही.

शनिवार, दुपार
सात परोटे. एकाला पदर सुटले! दीड. फोटो कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. स्टोअर्समधल्या उत्तरेश्वरने विचारलं, चप्पल कुठून घेतली? लोक जळतात. उजवा खांदा वर होत नाही. उद्याची तयारी मात्र पूर्ण. रस्सा बायको करेल. दुय्यम काम आहे.

रविवार, ११ जानेवारी, दुपारी ४
प्रजीश बाराला आला. पांढरा शर्ट. मी नेमका गोळा फिरवत होतो. तो वाकून नमस्कार करायला पुढे आला आणि गोळा हातातून सुटून त्याच्या खांद्यावर बसला. त्याने तो हळूच सोडवला आणि चक्क मराठीत विचारलं, “अंकल, मी करून बघू?”

मनात म्हटलं, संपलं. रक्तातच असणार यांच्या. त्याने गोळा ओट्यावर आपटला. फाटला. माझ्यापेक्षा वाईट.

“आमच्या घरी कुणालाच येत नाही,” तो म्हणाला. “आई हॉटेलातून आणते.”

ऋतुजा इतकी हसली की खालीच बसली. मग मी त्याला मनगट कसं धरायचं ते दाखवलं. दोघांनी मिळून नऊ केले. पदर एकालाही नाही. जेवणात रस्सा-भात. त्याने भात तीनदा घेतला. पोरगा तसा सरळ आहे. निघताना मी मोठ्या मनाने त्याला म्हणालो, आईवडिलांना घेऊन या. माझी परवानगी आहे.

संध्याकाळी ६
बायको आत्ता सांगते, त्याचे आईवडील नोव्हेंबरातच येऊन गेले. मी गावी होतो तेव्हा. लग्न मे महिन्यात, हॉल ठरलाय, केटररही.

मी विचारलं, आणि मी नाही म्हणालो असतो तर?

म्हणाली, “तर एक पान कमी सांगितलं असतं.”