गाडीचा खरा भाव

मारेगाव, ९ फेब्रुवारी १९६४

राळेगावला सासुरवाडीला जाऊन आलो. डोकं ठणकतंय. सासरेबुवांनी जेवताना जाहीर केलं की पुढच्या वर्षी मेव्हणा बी.ए. झाला की उन्हाळ्यात त्याचं लग्न, आणि नवरदेव या वेळी बैलांच्या दमणीतून नाही, मोटारीतून जाईल. मोटार कोणाची, असं मी विचारणार, तेवढ्यात माझे साडू भगवानराव म्हणाले, मी ॲम्बेसेडर घेऊन राह्यलो, तवर गाडी येऊन जाईन. लगेच सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. माझ्या ताटाकडे पाहिलंही नाही. थोरला जावई मी आहे.

सासरे म्हणाले, ज्या जावयाची गाडी, तो नवरदेवाच्या बाजूनं बसन. सगळे भगवानरावांकडे पाहायला लागले.

हेवा वगैरे मला वाटत नाही. वणीला त्यांचं सरकीचं दुकान आहे, गच्ची आहे, रेडिओ आहे. असू दे. फक्त दुपारची झोप लागली नाही.

११ फेब्रुवारी

गुपचूप पहिल्या एस.टी.ने नागपूर गाठलं. डीलरकडे ॲम्बेसेडरसाठी नाव नोंदवून इसार भरून आलो. गाड्या कमी, माणसं जास्त, म्हणून नंबर लागतो. भगवानराव परवा जाणार असं त्यांच्या वच्छलाने आमच्या विमलला सांगितलं होतं. बहिणी बहिणी काय बोलतात त्याकडे नवऱ्याने लक्ष ठेवावं, हे आज पटलं.

घरी विमल म्हणाली, आपल्याले मोटार कायले पाहिजे? म्हटलं, शेतीच्या कामाला. ती म्हणाली, शेतात रस्ता कुठं हाय? प्रश्न रास्त आहे. उत्तर नंतर देईन.

१५ फेब्रुवारी

वच्छलाचा निरोप. भगवानरावांचंही बुकिंग झालं. नंबर नेमका माझ्या मागचा. विमलला विनाकारण शिरा करायला सांगितला. दोन वाट्या खाल्ला.

२ मार्च

गाडी घेणं आणि बैल घेणं यात फरक काही नाही, हे आज शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं. उभं आयुष्य बैलबाजारात गेलं माझं. नियम ठरलेले आहेत. हवा तो बैल सोडून शेजारच्याकडे पाहायचं. खोड काढायची. व्यापारी बोलेल त्याच्या निम्म्याने सुरुवात करायची. रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करायचा, म्हणजे चार लोकांत भाव फुटत नाही. आणि शेवटी पाठ फिरवून चालू लागायचं. व्यापारी हाक मारतोच. पहिल्या हाकेला वळायचं नाही.

मागच्या वर्षी तांड्यावरच्या लखीरामने जोडीचे नऊशे सांगितले. मी साडेचारशेपासून धरलं आणि दिवसभर झुंजून सातशे ऐंशीवर त्याला आणून सोडलं. बिचारा घामाघूम झाला होता. शेजारच्या गावात तशीच जोडी सातशेला गेली म्हणतात, पण ते बैल कमी दिसणारे असणार.

१८ जून

पेरणी चालू आहे, पण मन गाडीत. नागपूरला वकिली करणारा माझा मामेभाऊ आला होता. त्याला खोदून खोदून विचारलं. गाडीचा एक कारखान्याचा भाव असतो. त्यावर डीलरचं कमिशन. मग कलकत्त्याहून आणण्याचं भाडं, विक्रीकर, विमा, नोंदणी. सीट कव्हर, पायाखालची चटई, हे वेगळं. सगळं मिळून पंधरा हजारांच्या आसपास. तो म्हणाला, भाव सरकारने बांधलेला असतो, त्यात घासाघीस होत नाही.

वकील लोकांना बाजार कळत नाही. कमिशन म्हणजे डीलरचं पोट, आणि पोटाला हात लावल्याशिवाय भाव उतरत नाही. निम्मं कमिशन माझं, चटई आणि सीट कव्हर फुकट. बैल घेतला की दावं आणि घुंगरू वेगळे पैसे देऊन कोण घेतं?

भगवानराव सांगेल ती किंमत देणार. त्यांचा स्वभावच तसा. दुकानदार असून भाव करायची लाज वाटते त्यांना. मग मी चार माणसांत माझा आकडा सांगेन आणि त्यांचा विचारेन. लग्नातच विचारेन.

८ सप्टेंबर

पोळ्याला भगवानराव सहकुटुंब आले होते. टेरिलिनचा शर्ट. बैल माझे सजवलेले आणि लोक पाहत होते त्यांच्या शर्टाकडे. हेवा वाटला, हे इथे लिहायला हरकत नाही.

त्यांनी स्वतःहून विचारलं, बबनराव, गाडीचं कसं करा लागते? मी मन मोठं करून सगळं सांगितलं. निम्म्याने धरा, खोड काढा, उठून या. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, मले नाई जमनार बा, मी आपले पैसे देऊन चावी घेईन. मला आतून इतकं बरं वाटलं की त्यांना जाताना भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

२० जानेवारी १९६५

गोठ्याचं अर्धं छप्पर गाडीसाठी रिकामं केलं. एक जोडी बाहेर बांधावी लागते. थंडीने खोकतात. बाबूसिंग वणी ते चांदा ट्रक चालवतो, त्याला ड्रायव्हर म्हणून ठरवून ठेवलं. तो म्हणाला, गाडी कधी येनार जी? म्हटलं, आलीच समज. तो महिन्याला एकदा येऊन रिकामं छप्पर पाहून चहा पिऊन जातो.

३ एप्रिल

आली. डीलरची तार आली. आठ दिवसांत पैसे भरून गाडी घेऊन जा. मेव्हण्याची परीक्षा संपत आली, लग्न नऊ मेला ठरलं आहे. कापसाचे पैसे पेटीत आहेत. विमलच्या हातावर तार ठेवली. तिने ती दोन्हीकडून पाहिली आणि म्हणाली, मंग मी खिडकीपाशी बसन. म्हटलं, तू पुढे बस. रस्त्याने जाताना वणीवरून मुद्दाम जाऊ, दुकानासमोर हॉर्न वाजवायचा आहे.

६ एप्रिल, नागपूर

सगळं ठरल्याप्रमाणे.

शोरूममध्ये शिरलो तो थेट कोपऱ्यातल्या जुन्या जीपकडे. तिलाच न्याहाळत राहिलो. मॅनेजर स्वतः आला आणि म्हणाला, साहेब, तुमची गाडी इकडे आहे. पांढरी, स्वच्छ. आवडली, पण तोंडावर दिसू दिलं नाही. बॉनेट उघडायला लावलं. टायर अंगठ्याने दाबले. दार तीनदा आपटलं. म्हटलं, रंग मळखाऊ नाही, आवाज घोगरा आहे, मागचा भाग जड आहे. तो म्हणाला, गाडी अजून सुरू केली नाही.

मग भाव. त्याने छापील कागद दाखवला. मी तो पालथा ठेवला. खांद्यावरचं उपरणं काढलं, टेबलावर त्याच्या दोन्ही हातांवर टाकलं आणि खाली हात घालून त्याची बोटं धरली. आठ बोटं नीट दाबली, म्हणजे आठ हजार, निम्म्याच्या आसपास. तो एकदम लाल झाला. हात ओढून घेतला आणि चपराश्याला जवळ उभं राहायला सांगितलं. मी ओळखलं, आकडा वर्मी लागला आहे.

तो म्हणायला लागला, किंमत ठरलेली आहे, मला एक पैसा कमी करता येत नाही. हे लखीरामही म्हणतो. एवढ्यात बाजूला बसलेला एक जाडसर शेठ माझ्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, आपका नंबर मुझे दे दो, ऊपर से दो हजार देता हूँ. मला हसू आवरेना. बैलबाजारात हेच करतात. व्यापारी आपलाच माणूस गिऱ्हाईक म्हणून उभा करतो, जास्तीचा भाव बोलायला लावतो, आणि नवखा माणूस घाबरून पैसे काढतो. म्हटलं, शेठ, हा खेळ माझ्या आजोबांनाही ठाऊक होता. शेठ मॅनेजरकडे पाहायला लागला. मॅनेजर म्हणाला, तसं करता येत नाही, यांनी सोडली तर गाडी यांच्या मागच्या नंबराला जाईल.

मागचा नंबर म्हणजे भगवानराव. धमकी चांगली शोधली होती. पण त्यांना घासाघीस जमत नाही, ते असल्या सौद्यात पडणारच नाहीत.

मी उठलो. म्हटलं, मग राहू द्या, मला नको. त्याने विचारलं, नक्की? आणि एक कागद पुढे केला. सौदा मोडल्याचं नाटक पूर्ण व्हावं म्हणून सही ठोकली. पाठ फिरवून सावकाश चालू लागलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

समोरच्या हॉटेलात बसून आहे, जेणेकरून हाक मारायला त्यांना सोपं जावं. चौथा चहा. मॅनेजर दाराशी येऊन गेला, पण शटर ओढायला. मुरलेला आहे. उद्या सकाळपर्यंत टिकतो का पाहू.

७ एप्रिल

सकाळी त्यांच्या दारासमोरून दोनदा गेलो. एकदा मुद्दाम खोकलो. चपराशी हसला, म्हणजे आत चर्चा चालू असणार. आपण जास्त उत्सुक दिसू नये म्हणून एस.टी. धरली.

विमलने विचारलं, गाडी? म्हटलं, सौदा शेवटच्या टप्प्यात आहे. ती म्हणाली, मंग काहून आले? मी हिला बैलबाजारात कधी नेलं नाही, ही चूकच झाली.

१५ एप्रिल

काही निरोप नाही. रोज पोस्टमनची वाट पाहतो. लखीराम भेटला. त्याला सगळं सांगितलं, विशेषतः उपरण्याचं. त्याने माझं उपरणं उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, भाऊ, बैल माह्याजवळ दहा असते, गिऱ्हाईक एक असते. तिथं गाडी एक होती. मी विषय बदलला. या लोकांना मोठ्या व्यवहारातलं कळत नाही.

१९ एप्रिल

इसाराची रक्कम मनिऑर्डरने परत आली. पूर्ण. एक पैसा कापला नाही. त्यांना माझ्याशी संबंध टिकवायचे आहेत हे उघड आहे.

२२ एप्रिल, दुपारी

अंगणात हॉर्न वाजला. बाहेर आलो. पांढरी ॲम्बेसेडर. तीच. मागचा भाग मुळीच जड नाही.

भगवानराव उतरले आणि माझ्या पायाच पडले. म्हणाले, बबनराव, तुमी सोडली म्हनून मले भेटली, नाईतर आनखीन वर्ष लागलं असतं. तार आली, पैसे देले, चावी घेतली. त्यांना वाटलं, लग्नाला दोघांपैकी एकाची तरी गाडी वेळेवर यावी म्हणून मी मुद्दाम मन मोठं केलं. सासऱ्यांनाही तसंच सांगून आले आहेत. आधी नाही म्हणणार होतो. हो म्हणालो.

वर शेंगांसाठी आभार. सीट कव्हर निळं आहे. विकत घेतलं म्हणाले, आणि आकडा विचारला नसताना सांगितला.

ते गेल्यावर विमलने रांगोळीवरचे चाकांचे माग झाडले नाहीत. जेवण झालं नाही माझं. माझी होती ती. सबंध गावात मला एकट्यालाच माहीत आहे की ती माझी होती.

बैल पुन्हा छपराखाली बांधले.

८ मे

ठराव. उद्या गाडीत बसायचं नाही. कितीही आग्रह झाला तरी. थोरल्या जावयाने मानाने एस.टी.ने जावं. परतताना मात्र बसेन, नाहीतर लोक म्हणतील रागावला.

९ मे

लग्न पांढरकवड्याला. एस.टी. धुळीने भरलेली. पोचलो तेव्हा नवरदेव उतरून बसला होता. बाजूला भगवानराव, फेटा बांधून. मला पाहताच त्यांनी फेटा सावरला. विमल गाडीतून आली. खिडकीपाशी बसून. तिच्या केसांत धूळ नव्हती.

जेवणं झाल्यावर मुलीच्या वडिलांनी भगवानरावांना विचारलं, अशी गाडी कितीले पडते? मी यासाठीच टपून होतो. पण भगवानराव म्हणाले, हे बबनरावांले विचारा, त्याईच्याएवढं कोनाले समजत नाई. मंडपातले सगळे माझ्याकडे वळले.

मग मी सांगितलं. कारखान्याचा भाव, कमिशन, कलकत्त्याचं भाडं, विक्रीकर, विमा. डीलर कुठे मारतो, कुठे वाचवायचं, बनावट गिऱ्हाईक कसं ओळखायचं. लोक पानं खायची विसरले. एका म्हाताऱ्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. असा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. भगवानराव कुठे दिसत नव्हते, त्यांना ऐकवत नसणार. बोलणं संपवून बाहेर आलो तर मंडपासमोर जागा मोकळी. नवरा-नवरी, सासरे, वऱ्हाड, सगळे गेलेले.

सतरंज्या आणि पातेली भरलेल्या खाचरात, म्हणजे बैलगाडीतच, बसून निघालो.

१० मे, राळेगाव

पोचायला उजाडलं. विमल अंगणात वच्छलासोबत चहा घेत होती. चारचौघांत नको म्हणून बाजूला बोलावून विचारलं, गाडीत माझी जागा ठेवली नव्हती का?

ती म्हणाली, ठेवली होती ना. नवरदेवाच्या बाजूनंच. भगवानराव सोता चालवत होते, म्हने इथं बबनरावच बसतीन. तुमाले बलवाले पोरगं धाडलं, तुमी भाव सांगून राह्यलते. मंग त्या जागेवर रुखवताची परात ठेवली.

परातीत साखरेचं तुळशीवृंदावन होतं. एवढ्या खड्ड्यांतून आलं, एक पान तुटलं नाही.

गाडी चांगली आहे.