शून्य झालेली यादी

दि. १४ मार्च, मंगळवार

प्रिय धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, म्हणून ती हल्ली खालूनच मला हाका मारते. ऑफिसात तुझं टेबल होतं तिथे कॉफीचं मशीन आलंय. तुझ्यापेक्षा कमी वाद घालतं.

तू कंपनी सोडून गेलास त्याला तीन वर्षं झाली. तू तीन महिने मागितले होतेस: नवं काही विकायचं नाही, आधी जुनं नीट करायचं. मी म्हणालो होतो, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" हॉस्पिटलांच्या वॉर्डावॉर्डांत प्रिंटर दुरुस्त करत वर आलेला माणूस मी. मला चालू आणि बंद एवढंच कळायचं.

घाईत काही जोडून दिलंस की प्रोग्राममध्ये शेजारीच तू लिहून ठेवायचास: हे तात्पुरतं आहे, अमुक झालं की काढा. तू गेल्यावर अशा चारशे बारा नोंदी निघाल्या. गेल्या वर्षी मुलांचं एक हॉस्पिटल आपला औषधाचा डोस काढणारा प्रोग्राम घ्यायला तयार झालं. त्यांचा तपासनीस येणार होता. मी टीमला सांगितलं, "शुक्रवारपर्यंत या नोंदींची यादी शून्य पाहिजे."

शुक्रवारी शून्य झाली. मी सगळ्यांना जेवायला नेलं.

त्यातली एक नोंद अशी होती: "पेशंटचं वजन भरलं नसेल तर साठ किलो धरलंय. मुलांच्या वॉर्डला देण्याआधी हे काढाच." नोंद गेली. साठ किलो राहिले.

त्या हॉस्पिटलात आलेली मुलगी चार वर्षांची होती. धावपळीत दाखल केली, वजन भरायचं राहून गेलं. नर्सला डोस मोठा वाटला, तिनं विचारलंही. डॉक्टर म्हणाले, "कॉम्प्युटरनं काढलाय ना?" तिसऱ्या दिवशी मुलगी गेली.

चौकशी समितीला मी सांगितलं की टीमनं काय केलं ते मला ठाऊक नव्हतं. माझे कान किती तिखट आहेत ते तुला माहीत आहे. त्या बुधवारी काचेपलीकडे टीमची प्रमुख म्हणत होती, "दोन दिवसांत चारशे दुरुस्त्या होतात का? नोंदी पुसा. आकडा खाली आला की साहेब खूश." कुणीतरी हसलं. मी खाकरलो. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलेन म्हणून वाट पाहिली. मी विचारलं, "जेवलात का सगळे?" आणि खाली निघून गेलो.

अजून एक राहिलंय. काल समितीनं विचारलं, साठचा आकडा कुणी घातला? मी तुझं नाव दिलं. ते खरंच होतं. त्याच्या शेजारी तू काय लिहिलं होतंस, तेवढं सांगितलं नाही. या आठवड्यात तुला बोलावणं येईल.

जाताना तू दिलेली प्रोग्रामची जुनी प्रत, सगळ्या नोंदींसकट, माझ्या कपाटात होती. वकील म्हणाले, ती कुणी मागितलेली नाही. मी मान डोलावली. आज ती या पत्रासोबत पाठवतोय. माझ्याकडे राहिली तर मी तिचं काय करीन, याची मला खात्री नाही.

समितीपुढे ठेव. आधी मला फोन करू नकोस. फोनवर मी गोड बोलेन, आणि तू लहानपणापासून माझं ऐकत आलायस.

पार्सलची पोच मात्र स्वतः सही करून दे. म्हणजे मी पाठवलंच नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

तुझा,
दादा