मागच्या सीटचं दार

पनवेल
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

चि. शाजियास,

स. वि. वि. शाळेत मास्तरांनी सा. न. वि. वि. शिकवलं, त्यातला नमस्कार काढून मी सलाम घातला, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. इकडे खैरियत. तुझी आई गुडघ्याला तेल चोळते आणि मला बोल लावते, दोन्ही वेळेवर.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. शिवाय आज शुक्रवार. कुवेतहून मी शुक्रवारीच लिहायचो. तिथून पत्राला बारा दिवस लागत. पनवेलहून उलव्याला किती लागतात ते बघू.

आधी गाडीबद्दल. रविवारी उरणला जाताना मुआजने चावी माझ्या हातात दिली आणि सांगितलं की अब्बांनी अशाच गाड्या गॅरेजमध्ये उघडल्यात, त्यांनीच पारखावी. त्याला नीट उत्तर द्यायचं राहिलं. जावयाला सांग, गाडी चांगली आहे. एवढी उंच गाडी वळणावर बाहेरच्या अंगाला कलणारच. ही कलते, पण एकदाच, मग तिथेच थांबते. मागेपुढे डोलत नाही. गव्हाण फाट्याला कंटेनरला जागा देताना मी मुद्दाम बघितलं. इंजिन दोन लिटरचं, टर्बोचं. पाय ठेवल्यावर क्षणभर थांबतं, मग ओढतं. त्या क्षणाची वाट बघायला हवी. मुआज वाट न बघता आणखी दाबतो, म्हणून ती उसळते. आठ गिअर कधी बदलतात ते कळत नाही. चाकं मात्र दिखाऊ. रिंग मोठी, रबर कमी. काँक्रीटच्या प्रत्येक सांध्यावर मागे बसणाऱ्याच्या कमरेला ठोका बसतो. एक साइज लहान घाल म्हणावं. तो ऐकणार नाही.

मुकादम साहेबांची बहीण, मुआजची फुफी, सढळ हाताची बाई. मी अंगणातच जेवलो, गाडीपाशी. आत गर्दी होती, बाहेर वारा होता. परतताना मुआजने विचारलं की नमाजला कुठल्या मशिदीत गेला होतात. मी म्हटलं, जवळच्याच.

आता दाराचं. फुफीच्या अंगणात गाडी थांबवली आणि मी काय करतोय हे कळायच्या आत मी उतरलो, बॉनेटला वळसा घालून गेलो, मागचं दार उघडलं, डोकं लागू नये म्हणून दाराच्या वरच्या कडेवर हात धरला आणि खाली बघत उभा राहिलो. मुकादम साहेब हसले. व्याही फारच तकल्लुफ करतात म्हणाले. त्यांना अदब वाटली. तू त्यांच्यामागच्या रांगेत बसली होतीस आणि तुझं तोंड मी बघितलं.

तुला जे वाटलं ते खरं आहे. मी कुवेतमध्ये फोरमन नव्हतो. ड्रायव्हर होतो. सव्वीस वर्षं एकाच घरी.

खोटं पत्रांतून सांगितलं होतं, म्हणून खरंही पत्रातून.

माझ्या नातीला, यूम्नाला पापे. लोभ होता तेवढा राहू दे, जास्त मागत नाही.

तुझा अब्बा,
मुनाफ

---

उलवे
मंगळवार, २० जानेवारी २०२६

ती. अब्बा यांस,

सलाम. पत्र तिसऱ्या दिवशी मिळालं.

मी पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवते. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना एक चित्र दाखवते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त का फिरावं लागतं आणि डिफरन्शियल ते कसं जमवतं, याचं निळ्या बॉलपेनचं चित्र. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही पाठवलेलं. मुलांना मी सांगते की हे माझ्या वडिलांनी काढलं, ते कुवेतमध्ये गॅरेजचे फोरमन होते, आणि त्या एका चित्रामुळे मी आज इथे उभी आहे. आठ बॅचना सांगितलं.

ते चित्र कुणी काढलं?

आपल्या घरी भिंतीवर तुमचा निळ्या डांगरीतला, गॅरेजच्या कपड्यांतला फोटो आहे. ती डांगरी कुणाची? आईला माहीत आहे का? मुकादमांकडे माझी मागणी ठरताना तुम्ही त्यांच्यासमोर बसून तेच सांगितलंत. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही गॅरेजमधल्या माणसांची गोष्ट सांगत होता आणि सगळे हसत होते. मला तुमचा अभिमान वाटत होता.

ड्रायव्हर असण्यात काय वाईट होतं, हे मी आता विचारू शकते. तेव्हा विचारायची संधी तुम्ही दिली नाहीत.

इथे अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.

कळावे,
शाजिया

---

पनवेल
शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

चि. शाजियास,

स. वि. वि. तू विचारलंस त्या क्रमाने लिहितो.

चित्र गव्हाणच्या काशिरामने काढलं. आपल्याकडचाच माणूस, होडीच्या इंजिनांवर हात बसलेला. खरा फोरमन तो. अरबाबची, म्हणजे मालकाची गाडी सर्व्हिसला गेली की मला तिच्यापाशी थांबावं लागे. मी स्टुलावर बसून त्याला प्रश्न विचारायचो. तो चिडवायचा की तू निस्ता स्टेअरिंगवाला हायस, तुला पोटातल्या गोष्टी कशाला हव्यात. मी म्हणायचो, मुलीला लिहायच्या आहेत. मग तो हात पुसून कागद घ्यायचा. मी रात्री त्यावर कागद ठेवून गिरवायचो. डांगरीही त्याचीच. फोटोत बाह्या दुमडलेल्या दिसतात, कारण त्याचे हात लांब. तो पाच वर्षांपूर्वी वारला. मी मयताला गेलो होतो. त्याच्या बायकोला मी काय लागतो ते सांगता आलं नाही.

तुझ्या आईला पहिल्या रजेपासून माहीत होतं. माझे पांढरे शर्ट तिनेच धुतले. फोरमनच्या कॉलरला ऑइल असतं. फोटो भिंतीवर तिने लावला, आणि दर ईदला पुसते.

का सांगितलं, याचं मोठं उत्तर नाही. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की गॅरेजशी काम आहे. तू उलट लिहिलंस की माझे अब्बा इंजिन दुरुस्त करतात असं मी वर्गात सांगितलं. तू दुसरीत होतीस. मी खोडलं नाही. पुढे दर शुक्रवारी खोडायचं राहिलं.

त्या कामाची लाज नव्हती, हे तुला सांगायचं आहे. मला ते येत होतं. गाडी थांबताना शेवटच्या हातभर अंतरात ब्रेक किंचित सोडायचा, म्हणजे मागच्या माणसाची मान पुढे जात नाही. अरबाबची म्हातारी आई मागे बसून चहा प्यायची, बशीत थेंब पडत नसे. स्टेअरिंग हातात धरायचं नाही, त्याच्यावर हात ठेवायचे. मुआजच्या गाडीचं स्टेअरिंग सावकाश चालताना लोण्यासारखं हलकं आहे आणि वेग वाढला की जड होत जातं. बनवणाऱ्याने हातांचा विचार केलाय. उलव्यात रस्ता उखडलेल्या ठिकाणी खडीवर पुढचं चाक घसरलं, आणि मी काही करायच्या आत मागच्या चाकांनी भार उचलला. मी जे सव्वीस वर्षांत शिकलो ते आता गाडीच करते.

पण दार उघडून खाली बघणं मात्र अंगात राहिलं. त्याची लाज वाटते. घरी आलो तेव्हा वाटलं होतं की ते कुवेतमध्येच राहिलं.

मुकादम साहेबांना सांगायचं असेल तर मी येऊन सांगतो. तू सांगू नकोस.

नाराज अस, पण जेवत जा. माया आटवू नकोस.

मुनाफ

---

उलवे
शनिवार, ३१ जानेवारी २०२६

ती. अब्बा यांस,

सलाम वि. वि. उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहून फाडलं.

तुम्ही लिहिलंत की आत गर्दी होती म्हणून अंगणात जेवलात. आत गर्दी नव्हती. मी जिन्यावरच्या खिडकीत होते. आमच्या लग्नाच्या वेळी फुफी मस्कतला होती, ती तुम्हाला ओळखत नाही. तिने ओसरीवरून तुम्हाला दार उघडताना बघितलं होतं. बाकीच्या गाड्यांचे ड्रायव्हर आंब्याखाली बसले होते. ती तुम्हालाही ताट देऊन म्हणाली असणार की पोटभर खा, परतीचा रस्ता लांब आहे. ती सगळ्यांना तेच म्हणते. तुम्ही ताट दोन्ही हातांनी घेतलंत. तुम्ही तिला सांगितलं नाहीत की मी शाजियाचा बाप.

तुम्ही वर बघितलंत का ते मला माहीत नाही. मी मागे सरकले.

मग खाली मुआजने विचारलं की अब्बा कुठे आहेत, पहिल्या पंगतीत त्यांची जागा धरली आहे. मी म्हटलं, नमाजला गेलेत.

परतताना त्याने तुम्हाला मशीद विचारली आणि तुम्ही, जवळच्याच, म्हणालात. मागच्या सीटवर मी यूम्नाचे बूट काढत बसले. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं की नमाजचं कुणी सांगितलं. आणि तरी पहिल्या पत्रात कबुली तुम्ही दिलीत.

तुमचं खोटं सव्वीस वर्षांचं आहे, माझं एका मिनिटाचं. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितली. माझं जास्त वाईट आहे. तुम्ही मला उंच करायला बोललात. मी तुम्हाला अंगणात ठेवायला.

परवा कॉलेजमध्ये ते चित्र भिंतीवरून काढलं आणि खाली काशिराम, गव्हाण, असं लिहून परत लावलं.

८ तारखेला, रविवारी, फुफीकडे रमजानच्या आधीचं जेवण आहे. गाडी मी चालवणार. मुआजला सांगितलंय, सगळं सांगितलंय. त्याने एवढंच विचारलं की शेवटच्या हातभर अंतरातला ब्रेक त्यालाही शिकवाल का. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. ते तिथे सांगीन, सगळ्यांसमोर, आणि मीच. तुम्ही मुकादम साहेबांच्या जागी मागे बसायचं. नाही म्हणू नका.

लोभ मागायचा हक्क उरलाय का माहीत नाही. मागते.

तुमची,
शाजिया

---

पनवेल
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

चि. शाजियास,

स. वि. वि. रविवारी भेटलोच, तरी लिहितो. तिथे बोलता आलं नाही.

खिडकीबद्दल. मी वर बघितलं होतं. पडदा हलत होता. यापुढे हा विषय नको.

तू सगळ्यांसमोर सांगितलंस तेव्हा फुफीला रडू आवरेना, त्याचं मला वाईट वाटलं. तिची काही चूक नाही. ताट भरून दिलं होतं. मुकादम साहेब पंगतीत माझ्या शेजारी बसले, पण जेवण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मीठ माझ्याकडे सरकवलं, तेवढंच. त्यांच्यासमोर मी खोटं बोललो होतो. न बोलण्याचा त्यांचा हक्क आहे. त्यांना घाई करू नकोस.

आता तुझ्या चालवण्याचं. तू बरी चालवतेस. टर्बोच्या त्या क्षणाची वाट बघतेस, घाईत दाबत नाहीस. वळणाच्या आधी वेग कमी करतेस, वळणात नाही. जासईच्या पुढे ट्रेलर आडवा आला तेव्हा ब्रेक जरा उशिरा लावलास. चाकांबद्दल मी म्हणालो होतो ते कमी लिहिलं होतं. मागे बसल्यावर कळलं, ठोका कमरेला नाही, थेट दातांना लागतो. सव्वीस वर्षं मी मागच्या सीटची काळजी घेतली आणि तिच्यावर एकदाही बसलो नव्हतो.

अंगणात गाडी थांबली. माझी मान पुढे गेली नाही. मी उतरायला हँडल ओढलं. दार उघडेना. पुन्हा ओढलं. यूम्नासाठी त्या एका दाराला चाइल्ड लॉक लावलेलं, ते तू विसरली होतीस की नव्हतीस, मी विचारणार नाही. मुआज पलीकडच्या दाराने आणि मुकादम साहेब पुढून उतरून गेले होते. काचेतून तू बॉनेटला वळसा घालून येताना दिसलीस. ओसरीवर सगळे उभे होते. तू दार उघडलंस आणि वरच्या कडेवर हात धरलास.

अरबाब माझ्या हाताखालून रोज उतरायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. त्याला मी गर्व समजत होतो. त्या दिवशी मलाही तुझ्याकडे बघवेना. एक पाय खाली टेकला आणि तसाच बसून राहिलो.

मग बघितलं. तू खाली बघत होतीस, अगदी माझ्यासारखी.

मी तुला सांगितलं की बेटा, नजर वर कर. तू वर बघेपर्यंत मी उतरलो नाही.

दुवेत याद ठेव. चाकं बदल.

तुझा अब्बा,
मुनाफ